जुन्या कीबोर्डचा टोन लॅपटॉपमध्ये कसा उतरवतात

खान्देशात लग्नाची वरात असो, कानबाईचा उत्सव असो की धुळे-जळगावच्या एखाद्या छोट्या स्टुडिओत रेकॉर्ड होणारं अहिराणी गाणं असो, कानावर पडणाऱ्या सुरांतले बरेचसे कीबोर्डमधून येतात. शहनाई कीबोर्डवरची, क्लॅरिनेट कीबोर्डवरची, सातपुड्याकडच्या बँडमध्ये तर पावरी हे आदिवासी फुंकवाद्यसुद्धा कीबोर्डवरचंच. यातली बरीच यंत्रं आता म्हातारी झाली आहेत. १९९९ च्या सुमाराला आलेला रोलंड कंपनीचा एक्सपी-३० कीबोर्ड अजून कुणाकुणाकडे चालू आहे, पण पट्ट्यांखालचे रबरी कॉन्टॅक्ट झिजलेत, आत धूळ बसलीय आणि ४५ अंशांच्या उन्हाळ्यात उघड्या गाडीवर वाजून वाजून बटणं अडकायला लागलीत. वादकाने वर्षानुवर्षं खपून बसवलेले टोन आतल्या एका बटण-सेलच्या भरवशावर टिकून असतात. सेल संपला की ते टोन गेले.

म्हणूनच ‘हा टोन लॅपटॉपमध्ये घेता येईल का?’ हा प्रश्न आता बऱ्याच वादकांच्या तोंडी असतो. घेता येतो, आणि त्या कामाला सॅम्पलिंग म्हणतात. पण केबल जोडली, रेकॉर्डचं बटण दाबलं आणि झालं, इतकं ते सोपं नाही. सॅम्पलिंगमध्ये अख्खं वाद्य कधीच उतरत नाही, त्याचे निवडक क्षण उतरतात. कुठले क्षण घ्यायचे हे रेकॉर्डिंगच्या आधी ठरवावं लागतं, आणि माझ्या मते खरी कारागिरी तिथेच आहे.

आधी फरक समजून घेऊ. सिंथेसायझर आवाज जागच्या जागी तयार करतो. पट्टी दाबली की आतली सर्किटं किंवा गणितं लहर बनवतात, फिल्टर ती घासून गुळगुळीत करतो आणि आवाज बाहेर पडतो. सॅम्पलर मात्र आधी रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज वाजवतो. आपल्याकडे उन्हाळ्यात बिबड्या (ज्वारीचे पापड) करून डब्यात भरून ठेवतात ना, तसंच हे आहे. ऐनवेळी भाजायच्या तेवढ्या बाकी असतात, पण मीठ-तिखट किती हे पीठ शिजवतानाच ठरून गेलेलं असतं. सॅम्पल घेताना टोनवर रिव्हर्ब (खोलीत घुमल्यासारखा नाद) असेल, फिल्टर अर्धा बंद असेल, व्हायब्रेटो (सुराची थरथर) चालू असेल, तर ते सगळं त्या फाईलमध्ये कायमचं मुरतं. नंतर काढून टाकता येत नाही.

आपण ज्यांना सरसकट सिंथ म्हणतो त्यातली बरीच यंत्रं मुळात सॅम्पलरच्या जातीची आहेत. १९८७ चा रोलंड डी-५० घ्या. तेव्हा मेमरी फार महाग होती, म्हणून रोलंडच्या अभियंत्यांनी सुराची फक्त सुरुवात, म्हणजे फुंकरीचा किंवा आघाताचा छोटा तुकडा, रेकॉर्ड करून चिपमध्ये ठेवला आणि पुढचा लांबणारा सूर यंत्राकडून तयार करून घेतला. आपला कान वाद्य ओळखतो ते बरंचसं त्या पहिल्या क्षणावरून, त्यामुळे ही युक्ती चालली. १९८८ च्या कॉर्ग एम-१ मध्ये सगळ्या आवाजांसाठी मिळून ४ मेगाबाईट लहरी होत्या. आज फोनवरचा एक फोटो तेवढी जागा खातो. एक्सपी-३०सुद्धा याच घराण्यातला. त्याच्या चिपमध्ये रेकॉर्ड केलेल्या लहरी आहेत आणि त्यांवर फिल्टर, एन्व्हलप (आवाज कसा चढतो-उतरतो त्याचं सेटिंग), इफेक्ट चढवून टोन बनतो. याउलट १९८४ चा ज्युनो-१०६ किंवा १९८३ चा यामाहा डीएक्स-७ यांच्यात रेकॉर्ड केलेलं काहीच नाही, प्रत्येक सूर तिथल्या तिथे जन्मतो. सॅम्पलिंगला बसण्याआधी आपल्यासमोरचं यंत्र यातलं कुठलं आहे, हे माहीत हवं. पुढचे बरेच निर्णय त्यावर ठरतात.

आता हिशेब. समजा तुमचा कीबोर्ड ६१ पट्ट्यांचा आहे. पट्टी किती जोरात दाबली हे मिडी भाषेत, म्हणजे कीबोर्ड आणि संगणक एकमेकांशी बोलतात त्या भाषेत, १ ते १२७ आकड्यांत सांगितलं जातं. प्रत्येक पट्टी, प्रत्येक जोराने, दहा-दहा सेकंद रेकॉर्ड करायची म्हटलं तर ७,७४७ फायली होतात आणि नुसतं रेकॉर्डिंगच साडेएकवीस तास चालतं. ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ या दर्जाने एका टोनला साधारण २०.५ गिगाबाईट जागा लागते. असं कुणी करत नाही, करायची गरजही नाही.

प्रत्यक्षात असं करतात: दर तिसरी पट्टी घ्यायची आणि जोराच्या चार पायऱ्या ठरवायच्या. ६१ पट्ट्यांत दर तिसरी म्हणजे २१ सूर, गुणिले ४ म्हणजे ८४ फायली. दहा सेकंदांच्या हिशेबाने १४ मिनिटांत काम होतं आणि जागा लागते सव्वादोनशे मेगाबाईटच्या आत. कुठलाही साधा लॅपटॉप एवढं झेपवतो.

मधल्या पट्ट्यांचं काय? तिथे सॅम्पलर शेजारची फाईल थोडी वेगाने किंवा थोडी हळू वाजवतो. एक पट्टी वर जायला वेग साधारण ६ टक्क्यांनी वाढवावा लागतो. दर तिसरी पट्टी घेतली तर प्रत्येक फाईलला एक पट्टी वर आणि एक पट्टी खाली एवढंच सरकावं लागतं, ते कानाला कळत नाही. सप्तकात एकच सॅम्पल घेतलं तर मात्र लगेच कळतं. वर नेलेली शहनाई पिपाणीसारखी वाजते, खाली नेलेली घोगरी होते, कारण सुराबरोबर वाद्याचा अंगचा रंगही सरकतो. रेकॉर्डिंगच्या वेळी व्हायब्रेटो चालू असेल तर त्याची गतीही सरकते. वरच्या पट्टीवर सूर भराभर थरथरतो, खालच्या पट्टीवर संथ, आणि दोन्ही एकत्र वाजवले की गोंधळ ऐकू येतो.

म्हणून शहनाई, क्लॅरिनेट, पावरी असे एका वेळी एकच सूर वाजणारे टोन घेताना व्हायब्रेटो आधी पूर्ण बंद करावा. नंतर सॅम्पलरमध्ये तो मॉड्युलेशन व्हीलवर (कीबोर्डवरच्या चाकावर) पुन्हा लावता येतो, म्हणजे हवा तेव्हा हवा तेवढा मिळतो. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, घेण्यासाठी वादक जो लिव्हर सरकवतात त्याचंही तसंच आहे. रेकॉर्ड करताना तो मध्यावर सोडायचा, मींड सॅम्पलरच्या, सूर वर-खाली वळवणाऱ्या पिच-बेंडकडून घ्यायची. आपल्या बँडमधल्या शहनाईचा सगळा जीव त्या लिव्हरमध्ये असतो. तो वाजवणाऱ्याच्या हातातच राहायला हवा.

‘टोन तोच शे, पन दम नही’

पहिल्यांदा घरी सॅम्पल केलेला टोन वादकाला ऐकवला की बहुतेक वेळा असंच काहीसं ऐकायला मिळतं. ‘टोन तोच शे भाऊ, पन दम नही.’ हे मनाचे खेळ नाहीत, यामागे पक्की कारणं आहेत.

पहिलं कारण जोराच्या पायऱ्यांचं. खऱ्या यंत्रात पट्टी जोरात दाबली की आवाज नुसता मोठा होत नाही, तो बदलतो. डीएक्स-७ वर हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. त्याचा इलेक्ट्रिक पियानो हळू वाजवला तर मऊ, घंटेसारखा लागतो, जोरात वाजवला तर त्यात धातूची करकर येते. अशा टोनचं एकच सॅम्पल घेऊन हळू पट्टीला नुसता आवाज कमी केला, तर जोरात वाजवलेला पियानो लांबून ऐकल्यासारखा वाटतो. इथे चार पायऱ्याही कधी कमी पडतात, सहा-आठ घ्याव्यात. ज्युनो-१०६ ला मात्र जोर कळतच नाही. पट्टी कशीही दाबा, आवाज तोच. तिथे चार पायऱ्या रेकॉर्ड करणं म्हणजे वेळ फुकट घालवणं. आपल्या यंत्रावर एकच पट्टी हळू आणि जोरात वाजवून नीट ऐका, आवाजाचा रंग बदलतो की फक्त मोठेपणा, हे तपासा आणि मगच पायऱ्या ठरवा.

दुसरं कारण पुनरावृत्तीचं. एकच पट्टी भराभर वाजवली आणि दर वेळी हुबेहूब तीच फाईल वाजली तर कान ते लगेच पकडतो. आवाज यंत्रमानवासारखा, मशीनगनसारखा येतो. यावर उपाय म्हणजे एकाच पट्टीचे दोन-तीन वेगळे टेक घेऊन ते आळीपाळीने वाजवणं. याला राउंड रॉबिन म्हणतात. जुन्या अ‍ॅनालॉग सिंथमध्ये (ज्यांत आवाज विजेच्या सर्किटांतून बनतो) याचा मोठा फायदा होतो, कारण तिथे प्रत्येक सूर आदल्यापेक्षा किंचित वेगळा निघतो. ज्युनो-१०६ मध्ये एका वेळी सहा सूर वाजतात आणि ते सहा वेगवेगळ्या व्हॉइस सर्किटांतून येतात. ती सहाही अगदी सारखी कधीच नसतात. एक्सपी-३० सारख्या यंत्रात मात्र मूळ लहरच चिपमधली असते, त्यामुळे बहुतेक टोनमध्ये दुसरा टेक पहिल्याचीच नक्कल निघतो. तिथे तो वेळ जोराच्या पायऱ्यांवर खर्च करावा.

तिसरं कारण आवाजाच्या तोलाचं. बऱ्याच जणांना सवय असते की रेकॉर्डिंग झालं की प्रत्येक फाईल कमाल मोठेपणापर्यंत उचलायची. गाण्याला ती सवय ठीक आहे, सॅम्पलला घातक. मूळ टोनमध्ये खालचे सूर भरदार आणि वरचे हलके असतील तर ते बनवणाऱ्याने विचार करून तसे ठेवलेले असतात. सगळ्या फायली एकाच उंचीवर आणल्या की तो तोल मोडतो आणि टोन सपाट होतो. उचलायचंच असेल तर सगळ्या फायली एकत्र, एकाच प्रमाणात उचलाव्यात. रेकॉर्डिंगची पातळी सगळ्यात जोरदार सुराला उणे ६ डेसिबलच्या, म्हणजे कमाल पातळीच्या थोडं खाली, आसपास येईल अशी एकदाच लावायची आणि काम संपेपर्यंत त्या नॉबला हात लावायचा नाही.

चौथं कारण सुरुवातीच्या रिकाम्या जागेचं. फाईलच्या तोंडाशी वीस-तीस मिलिसेकंदांची शांतता राहिली तरी वादकाच्या बोटाला कळतं. पट्टी दाबली आणि आवाज मागून आला, असं त्याला वाटतं. कापताना उलटी चूकही होते. सॉफ्टवेअरला आपोआप कापायला सांगितलं की कधी ते हळुवार सुरू होणाऱ्या सुराचा पहिला श्वासच छाटतं. शहनाईची फुंकर गेली तर मागे भोंगा उरतो. किमान मधल्या सप्तकातल्या फायली तरी डोळ्यांनी लहर बघून, कानांनी ऐकून कापाव्यात.

लांब सूर आणि लूप

पॅड (मागे पसरून राहणारा लांब सूर) किंवा स्ट्रिंग्जचा टोन असेल तर वादक पट्टी अर्धा मिनिटही धरून ठेवतो, आणि आपली फाईल असते दहा सेकंदांची. म्हणून फाईलच्या मधला एक तुकडा पुन्हा पुन्हा फिरवतात, तो लूप. लूप कुठे जोडायचा यावर पॅडची सगळी गोडी अवलंबून असते.

जाड, उबदार पॅडमध्ये बहुधा दोन ऑसिलेटर (लहर तयार करणारे भाग) किंचित बेसूर लावलेले असतात. समजा एक २२० हर्ट्झवर आहे आणि दुसरा २२०.५ वर. फरक अर्ध्या हर्ट्झचा, म्हणजे दर दोन सेकंदांनी आवाज एकदा फुलतो आणि एकदा ओसरतो. लूप तीन सेकंदांचा घेतला तर तो दीड लाटेवर तुटतो आणि दर फेरीला हिसका बसतो. दोन किंवा चार सेकंदांचा घेतला तर लाट पूर्ण होते आणि जोड लपतो. वरच्या सप्तकात ही लाट दुप्पट वेगाने येते, त्यामुळे एका फाईलचं लूपचं माप दुसरीला चालत नाही. प्रत्येक फाईलची लाट स्वतंत्र मोजावी लागते. सॉफ्टवेअरमध्ये जोडाच्या दोन्ही बाजू एकमेकींत विरघळवणारा क्रॉसफेड असतो. त्याने बारीक खरखर जाते, पण चुकीच्या लांबीचा हिसका जात नाही.

पट्टी सोडल्यावर आवाज कसा विझतो हेही जपायला हवं. मूळ टोन दोन सेकंदांत विझत असेल तर रेकॉर्डिंगमध्ये पट्टी सोडल्यानंतरचे ते दोन सेकंद यायलाच हवेत. ते ऐकूनच सॅम्पलरमधला रिलीज लावता येतो.

वीज, अर्थिंग आणि ५० हर्ट्झ

आपल्या भागात सगळ्यात जास्त काम बिघडतं ते इथे. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. कीबोर्ड एका प्लगवर, लॅपटॉप दुसऱ्यावर आणि मध्ये ऑडिओ केबल, अशी जोडणी झाली की अर्थिंगचं वेटोळं तयार होऊन एक बारीक घुंई रेकॉर्डिंगमध्ये शिरू शकते. एका सुरात ती जाणवत नाही. पण सॅम्पलरवर दहा सूर एकत्र वाजले की पार्श्वभूमीची खरखर १० डेसिबलने वर येते. घुंईचा त्रास तर त्याहून विचित्र आहे. फाईल एक पट्टी वर सरकली की तिच्यातली ५० हर्ट्झची घुंईही ५३ वर जाते, एक पट्टी खाली आली की ४७ वर येते. कॉर्ड वाजवला की या सगळ्या घुंई एकमेकींवर आदळतात आणि तळाशी एक ढवळलेला आवाज तयार होतो. नंतर ५० हर्ट्झवर फिल्टर लावून तो जात नाही, कारण तो आता ५० वर राहिलेलाच नसतो.

तो उगमाशीच थांबवायला हवा. कीबोर्ड, लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेस (आवाज लॅपटॉपमध्ये घेणारी पेटी) एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. लॅपटॉप शक्य तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. कूलर, पंखा, मोटार बंद ठेवा. त्यांचा आवाज केबलमध्ये येत नाही हे खरं, पण त्यांच्या मोटारींचा विजेवरचा त्रास येतो. तरीही घुंई राहिली तर मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स लावा, तो दोन यंत्रांमधला विजेचा थेट संबंध तोडून फक्त आवाज पुढे नेतो. एक गोष्ट मात्र कधीही करू नका: प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकू नका. घुंई जाते म्हणून ही पिन तोडलेली अनेक ठिकाणी दिसते. त्या पिनेमुळेच यंत्रात बिघाड झाला तर करंट वादकाच्या अंगात न जाता जमिनीत जातो. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो तेव्हा तिथे पाणी घाला, वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. टोनसाठी जीव धोक्यात घालायचं काहीच कारण नाही.

अ‍ॅनालॉग यंत्र असेल तर ते अर्धा तास आधी चालू करून ठेवा. गरम होईपर्यंत त्याचा सूर सरकत राहतो, आणि पहिली पट्टी थंड यंत्रावर, शेवटची गरम यंत्रावर घेतली तर सगळं वाद्यच आतून बेसूर होतं.

इफेक्टबद्दल माझं मत ठाम आहे: रिव्हर्ब आणि डिले (प्रतिध्वनी) बंद करूनच सॅम्पल घ्यावं. प्रत्येक सुराबरोबर वेगळी खोली रेकॉर्ड झाली की चार सुरांच्या चार खोल्या एकमेकींत घुसतात, आणि लूपच्या जोडावर त्या तुटतात. कोरसचं, म्हणजे आवाज जाड आणि पसरट करणाऱ्या इफेक्टचं, मात्र वेगळं आहे. ज्युनोचा कोरस हा त्याच्या ओळखीचाच भाग आहे. तो बंद केला तर उरतो तो आवाज ज्युनोचा म्हणून कुणी ओळखणार नाही. अशा वेळी एक संच कोरससह आणि एक कोरसशिवाय घ्यावा.

८४ वेळा पट्ट्या हाताने दाबत बसायची गरज नाही. १९८३ पासून बहुतेक यंत्रांना मिडी आहे, आणि मिडीवरून संगणकच कीबोर्डला सांगू शकतो की अमुक पट्टी, अमुक जोराने, आठ सेकंद वाजव, मग दोन सेकंद थांब. लॉजिक प्रो आणि मेनस्टेज या मॅकवरच्या संगीत-सॉफ्टवेअरमधला ऑटो सॅम्पलर हे सगळं आपोआप करतो. सॅम्पल-रोबोटसारखं स्वतंत्र सॉफ्टवेअरही आहे. यातलं काही नसेल तर कुठल्याही रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ८४ सुरांची एक मिडी ओळ लिहा, ती कीबोर्डकडे पाठवा आणि येणारा आवाज दुसऱ्या ट्रॅकवर घ्या. फायलींना नावं देताना सुरांची अक्षरं न वापरता मिडीचे आकडे वापरा, कारण मधल्या ‘सी’ला यामाहा सी-३ म्हणते आणि रोलंड सी-४, पण दोघांच्याही लेखी त्याचा आकडा ६० च असतो. आकडा लिहिला की नंतर अख्खं सप्तक सरकल्याचा घोटाळा होत नाही.

फायली तयार झाल्या की त्या पट्ट्यांवर मांडायच्या. कॉन्टॅक्ट हे २००२ पासूनचं प्रसिद्ध सॅम्पलर सॉफ्टवेअर, पण ते महाग आहे. सुरुवातीला डिसेंट सॅम्पलर किंवा स्फोर्झांडो पुरतं, दोन्ही मोफत मिळतात. स्फोर्झांडो एसएफझेड नावाची साधी मजकुराची फाईल वाचतं. तिच्यात इतकंच लिहायचं असतं की ही फाईल ५९ ते ६१ या पट्ट्यांवर वाजव, तिचा मूळ सूर ६०, आणि जोर ९७ ते १२७ असेल तरच. नोटपॅडमध्ये लिहिता येतं आणि दहा वर्षांनीही कुणाला उघडून वाचता येईल. जपून ठेवायच्या वाद्यासाठी मी कुठल्याही बंदिस्त फॉरमॅटपेक्षा हाच पसंत करतो.

हक्कांचा मुद्दाही नीट समजून घ्या. विकत घेतलेल्या कीबोर्डचे टोन आपल्या गाण्यात, कार्यक्रमात वाजवण्यासाठीच असतात. पण एक्सपी-३० सारख्या यंत्राच्या चिपमधल्या लहरी ही कंपनीने केलेली रेकॉर्डिंग आहेत. त्या एकेक करून काढायच्या, त्यांची लायब्ररी बांधायची आणि पेनड्राइव्हवर विकायची, हे वेगळं प्रकरण होतं आणि त्यात कायद्याची अडचण येते. स्वतःच्या यंत्राचा टोन स्वतःच्या कार्यक्रमासाठी लॅपटॉपवर घेणं आणि त्याचा धंदा मांडणं, यात हा फरक आहे. विकण्यासाठी काही बनवायचंच असेल तर नंदुरबारकडच्या एखाद्या पावरीवादकाला त्याची रीतसर बिदागी देऊन, त्याच्या लेखी संमतीने खरी पावरी रेकॉर्ड करा. दर तिसरा सूर, दोन-तीन टेक, फुंकरीचे प्रकार, पद्धत हीच. फक्त तिथे रेकॉर्डिंग माइकवर आणि शांत खोलीत करायचं.

आणि जुना कीबोर्ड आज समोर असेल तर सॅम्पलिंगच्याही आधी एक काम उरकून घ्या. त्याच्या मेनूमध्ये बल्क डंप किंवा सिस्टिम एक्सक्लुझिव्ह असा पर्याय असतो. मिडी केबल लॅपटॉपला लावून तो चालवला की वादकाने बसवलेल्या सगळ्या टोनच्या सेटिंग एका छोट्या फाईलमध्ये उतरतात. ही फाईल पेनड्राइव्हवर आणि मेलवर, अशा दोन ठिकाणी ठेवा, आणि त्यानंतरच आतला सेल बदलायला मेकॅनिककडे जा.